सुपरफाइन ठरवायचं कशावर?

कापडाच्या बाजारात ‘सुपरफाइन’ हा शब्द इतका रुळला आहे की तो परका आहे, हे कुणाच्या ध्यानीमनीही नसतं. धोतरजोडीच्या वेष्टनावर तो असतो, ताग्याच्या कडेला असतो, मैद्याच्या पोत्यावरही असतो. ज्या मालावर तो छापलेला नाही तो उतरता, एवढं गिऱ्हाइकाला न सांगता कळतं. भिवंडीच्या वाट्याला हा शब्द फारसा आलेला नाही. देशातल्या सर्वांत मोठ्या यंत्रमाग केंद्रांपैकी हे एक शहर; इथे दिवसरात्र खडखडाट चालू असतो आणि इथलं कोरं कापड जेतपूर, पाली, बालोतऱ्याला जाऊन रंगून-छापून देशभर विकलं जातं. तरीही ‘भिवंडीचा माल’ म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात स्वस्त, चालू, कामचलाऊ एवढीच विशेषणं उमटतात. या निवाड्यात भिवंडीच्या कारागिराच्या हाताचा दोष कमी आणि मोजपट्टीचा दोष जास्त आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. कापडातला तलमपणा आपण चुकीच्या गोष्टीवरून मोजत आलो, आणि त्या चुकीची किंमत विणणारा आणि वापरणारा असे दोघेही मोजत आहेत.

शब्दाचं मूळ इथे उपयोगी पडतं, कारण घोटाळा तिथूनच सुरू होतो. इंग्रजीत ‘फाइन’ आला फ्रेंचमधून, आणि त्याच्या मुळाशी आहे लॅटिन ‘फिनिस’, म्हणजे शेवट किंवा सीमा. फिनिश, फायनल ही त्याचीच भावंडं. दंड या अर्थाचा ‘फाइन’ही त्याच घरचा: तंटा एकदाचा मिटावा म्हणून भरायची रक्कम, असा तो अर्थ घडत गेला. विशेषण म्हणून ‘फाइन’ म्हणजे शेवटपर्यंत नेलेलं, कसर न ठेवता पुरं केलेलं, म्हणून उत्तम. बारीक, पातळ, नाजूक या छटा त्याला पुढे चिकटल्या. त्यावर ‘सुपर’ चढवून ‘सुपरफाइन’ हा शब्द साधारण पंधराव्या शतकापासून इंग्रजीत दिसतो. व्यापाऱ्यांनी तो लोकरी कापडाला, साखरेला, पिठाला लावून प्रतवारीचा शिक्का करून टाकला. पुढे वाजवीपेक्षा जास्त सोवळेपणा मिरवणाऱ्या माणसाबद्दलही तो वापरात आला. म्हणजे एकाच शब्दात दोन कसोट्या राहतात. एक पूर्णत्वाची, म्हणजे काम कुठेही अर्धवट सोडलेलं नसणं. दुसरी बारीकपणाची, म्हणजे दाणा किंवा धागा किती सूक्ष्म आहे. पिठाच्या बाबतीत दोन्ही जवळजवळ एकच, म्हणून गोंधळ होत नाही. कापडात मात्र दुसऱ्या कसोटीने पहिलीला गिळून टाकलं.

याचं कारण साधं आहे. बारीकपणा मोजता येतो. सुताचा नंबर, ज्याला धंद्यात काउंट म्हणतात, तो ठरतो असा: ८४० गजांची एक लड, आणि अशा जितक्या लडी एका पौंडात बसतील तितका त्या सुताचा नंबर. साठ नंबरच्या सुताचं एक पौंड उलगडलं तर ५०,४०० गज, म्हणजे ४६ किलोमीटरच्या घरात लांबी भरते. आकडा असा हाती लागल्यावर सरकारलाही तो सोयीचा वाटला. साठ-सत्तरच्या दशकांत केंद्रीय अबकारीच्या दरपत्रकात सुती कापडाची प्रतवारी सरासरी काउंटवर केलेली होती: १७ च्या खाली जाडंभरडं, त्यावर मध्यमचे दोन वर्ग, ४१ पासून फाइन आणि ६१ पासून पुढे सुपरफाइन. या हिशेबाने ६०-६० सुताचं आणि इंचाला ९२ उभ्या, ८८ आडव्या धाग्यांचं जे कॅम्ब्रिक कापड भिवंडीच्या बाजारात रोज बोललं जातं, ते एका नंबराने सुपरफाइन व्हायचं राहतं. आणि नव्वद नंबरच्या सुतावर गाठी, जाळी, तेलाचे डाग पाडत विणलेला तागा मात्र कायद्याच्या लेखी बिनदिक्कत सुपरफाइन. करआकारणीसाठी अशी विभागणी करण्यामागचा हेतू वाईट नव्हता. बारीक सुताचं कापड श्रीमंत वापरतात, तर त्यांनी जास्त कर द्यावा, गोरगरिबांच्या जाड्या कापडाला सूट मिळावी, हा विचार समजण्यासारखा आहे. पण त्याच्या आडून एक समजूत पक्की झाली: तलमपणा ही चैन आहे, आणि गरिबाचं कापड जाडं असतं तसं ते सदोषही असणारच.

अबकारीने आणखी एक गोष्ट केली, आणि तिचा ठसा भिवंडीच्या गल्लीबोळांत आजही दिसतो. पन्नाशीच्या दशकात चार मागांपर्यंतच्या छोट्या कारखान्यांना करमाफी होती. ती मिळावी म्हणून एकाच छपराखालचे माग कागदोपत्री चार-चारांच्या तुकड्यांत वाटले गेले. १९५४ मध्ये कानूनगो समितीने हातमागांचं रूपांतर यंत्रमागांत करावं असं सुचवलं, पुढे १९६४ मध्ये अशोक मेहता समितीने यंत्रमागांचीच स्वतंत्र पाहणी केली. तोवर हा धंदा लहान लहान तुकड्यांत विखुरलेला होता आणि तसाच वाढत होता. भिवंडीत विणकामाची परंपरा त्याच्याही आधीची. १८५७ नंतर उत्तरेतून पोटासाठी आणि जिवासाठी निघालेली मोमीन विणकर कुटुंबं इथे स्थिरावली, नंतर तेलंगणातून पद्मशाली आले आणि पद्मानगर उभं राहिलं. १९३० च्या दशकात हातमागाची जागा विजेवरचे माग घेऊ लागले, त्यांत मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेलेही होते. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतला गिरणी संप सुरू झाला तेव्हा बंद पडलेल्या साच्यांचं काम भिवंडीकडे वळलं, आणि पुढच्या काही वर्षांत हे शहर कापडाच्या धंद्यात मुंबईचं वारस झालं.

वारसा आला, पण अर्धाच आला. गिरणीत कापूस आत जायचा आणि घडी घातलेला तागा बाहेर पडायचा. सूतकताई, विणकाम, रंगाई, फोल्डिंग खातं, सगळं एका फाटकाच्या आत. फोल्डिंग खात्यात कापड टेबलावरून सरकवत तपासलं जायचं. दोष दिसला की तो कुठल्या खात्याचा, कुठल्या पाळीचा, हे शोधता यायचं. भिवंडीत सूत एका व्यापाऱ्याचं, सायझिंग, म्हणजे सुताला खळ देणं, दुसऱ्याचं, बीम भरणारा तिसरा, माग चौथ्याचे, कापडाचा धनी पाचवा, आणि रंगाई-छपाई शेकडो मैल दूर कुणा सहाव्याकडे. ताग्यात खोट निघाली की मागवाला सुताकडे बोट दाखवतो, सूतवाला सायझिंगकडे, सायझिंगवाला मागाकडे. यातला कुणीही खोटं बोलतो असं नाही. प्रत्येकाचा तुकडा त्याच्यापुरता बरोबर असतो, मात्र कापड शेवटापर्यंत कुणाच्याच जबाबदारीचं नसतं. तलमपणाला जे लागतं, म्हणजे सुरुवातीपासून शेवटापर्यंत एक लक्ष, ते या रचनेतून निसटलं आहे. कारागीर गिरणीचा असो की भिवंडीचा, त्याची बोटं तीच असतात.

आता प्रत्यक्ष मागापाशी काय घडतं ते पाहू, कारण सगळा वाद तिथेच मिटण्यासारखा आहे. वर सांगितलेल्या कॅम्ब्रिकला इंचाला ८८ आडवे धागे, म्हणजे एका मीटरला सुमारे ३,४६५ वेळा धोटा इकडून तिकडे जायला हवा. साधा माग मिनिटाला दीडशे फेरे मारतो असं धरलं तर एक मीटर कापडाला २३ मिनिटं. असे सहा माग एका कारागिराकडे असतील आणि पाळी बारा तासांची असेल, तर थांबे वगळूनही एका पाळीत पाच लाखांच्या घरात फेरे त्याच्या नजरेखालून जातात. कांडी संपली की माग थांबतो, ती बदलायची. धागा तुटला की सांधायचा. एका मागावर वाकलेला असताना उरलेल्या पाचांकडे पाठ असते. नेमकी त्याच वेळी पाठीमागच्या मागावर ताण्याची, म्हणजे उभ्या धाग्यांतली, एक तार तुटली तर काय होतं? त्या तारेबरोबर माग आपोआप थांबवणारी सोय साध्या मागावर बहुधा नसते. माग चालत राहतो आणि कापडात फट वाढत जाते: दीडशे फेऱ्यांना ८८ ने भागा, मिनिटाला १.७ इंच. निर्यातीच्या धंद्यात कापड तपासायची जी चार गुणांची पद्धत जगभर चालते, तिच्यात तीन इंचांपर्यंतच्या दोषाला एक गुण, सहापर्यंत दोन, नऊपर्यंत तीन, त्यापुढे चार असे दोषाचे गुण धरतात, आणि शंभर चौरस गजांत चाळीसपर्यंत गुण साधारण चालवून घेतात. या पट्टीवर आपली तुटकी तार ठेवून पाहा. कारागीर पावणेदोन मिनिटांच्या आत पोचला तर दोष एका गुणाचा. चार मिनिटांनी पोचला तर तीन गुणांचा. सहा मिनिटं लागली तर पुरे चार. त्याचं कसब तिन्ही वेळा सारखंच. फरक पडला तो एका माणसाच्या गळ्यात किती माग बांधले आहेत, पाळीचा कितवा तास चालू आहे, दिवा कुठे टांगला आहे आणि तार तुटल्यावर माग थांबतो की नाही, यामुळे. वीज गेली आणि पुन्हा आली की सुरू होणाऱ्या मागाने कापडावर आडवा पट्टा पाडायचा, हाही त्यातलाच प्रकार. २००७ मध्ये शहराचं वीजवितरण फ्रँचायझीकडे गेलं, त्याच्या आधीच्या भारनियमनाच्या काळात असे पट्टे किती पडले असतील, याचा हिशेब कुठल्या दरपत्रकात सापडणार?

आणि या कारागिराला मजुरी मिळते ती मीटरवर. लांबी मोजली जाते, लक्ष मोजलं जात नाही. मालकालाही व्यापाऱ्याकडून विणकामाची मजुरी मिळते ती फेऱ्यांच्या आणि मीटरच्या हिशेबानेच. ताग्यात दोष निघाला तर रक्कम कापली जाते; दोष निघाला नाही तर मात्र चार पैसे जास्त मिळत नाहीत. हा एकतर्फी व्यवहार भिवंडीने शोधलेला नाही. मुंबईच्या गिरण्यांत खराब झालेलं कापड विणकराच्याच गळ्यात मारायचं आणि त्याची किंमत पगारातून कापून घ्यायची, ही रीत एकेकाळी सर्रास होती. कामगारविषयक रॉयल कमिशनने १९३१ च्या अहवालात तिची दखल घेतली, आणि १९३६ च्या वेतन अदायगी कायद्याने दंडावर मर्यादा घातली. नुकसानीपोटीची कपात नुकसानीपेक्षा जास्त असू नये आणि ती करण्याआधी कामगाराचं म्हणणं ऐकून घ्यावं, असं बंधन आलं. कायद्याने कपातीला लगाम घातला. चांगल्या कामाला मोबदला द्या, असं मात्र तो सांगू शकत नव्हता. त्यामुळे नव्वद वर्षं उलटली तरी दोषाची किंमत ठरलेली आहे आणि निर्दोषपणाची ठरलेली नाही. ज्या वस्तूला भाव नाही ती बाजारात येत नाही, यात आश्चर्य कसलं? बारा तास उभं राहून, आठवड्याच्या खर्चीवर दिवस काढून, भिशीतलं, म्हणजे कामगारांच्या खानावळीतलं, जेवण उरकून परत मागावर येणाऱ्या माणसाने मीटर वाढवण्याऐवजी तुटक्या तारेमागे धावावं, अशी अपेक्षा करायची तर ती त्याच्या पाकिटात दिसली पाहिजे.

यावर पहिला आक्षेप येतो तो हातमागाच्या बाजूने. नजाकत ही हाताची देणगी, यंत्राकडून ती कशी मागता, असं म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या मागे कायदाही उभा आहे. १९८५ च्या हातमाग आरक्षण कायद्याने काही वाणांवर यंत्रमागाला मज्जाव केला. यंत्रमागवाले न्यायालयात गेले, १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला. आरंभीची २२ वाणांची यादी नंतर ११ वर आली. मला या कायद्याबद्दल तक्रार नाही. येवल्या-पैठणच्या मागावर पदराचा मोर एकेक धागा उचलून जो विणतो, त्याचं पोट राखायलाच हवं. पण आरक्षणाचा अर्थ पोटाचं रक्षण एवढाच आहे. नजाकतीची मक्तेदारी त्यातून सिद्ध होत नाही. सोलापूरची चादर पाहा. ती जाड असते, जॅकार्डच्या यंत्रमागावर विणली जाते, काउंटच्या पट्टीवर तिला कुणी सुपरफाइन म्हणणार नाही. तरी तिचा रंग, वीण, वजन यांबद्दल गिऱ्हाइकाला इतकी खात्री आहे की तिचं नाव लावून दुसरीकडचा माल विकला जाऊ लागला, आणि २००५-०६ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. पैठणीला ते त्यानंतर मिळालं. यंत्रावरचं, जाड सुताचं, रोजच्या वापराचं कापडसुद्धा नावाने ओळखलं जाऊ शकतं, एवढं सोलापूरने दाखवून दिलं आहे. घोंगडं तर त्याहून जाड, आणि तरी घेणारा धनगर वाडा त्याची किनार सरळ आहे की नाही, वीण सगळीकडे सारखी बसली आहे की नाही, हे उजेडात धरून पाहतो. जाडं आणि बारीक हा एक भेद. नेटकं आणि गबाळं हा वेगळाच.

दुसरा आक्षेप अधिक जिव्हारी लागणारा आहे. भिवंडीचं कापड स्वस्त आहे म्हणून तर गरिबाच्या अंगावर धड कापड आलं. त्याला निर्दोषपणाच्या कसोट्या लावाल तर भाव चढेल आणि तोच उघडा पडेल. या काळजीमागची माणुसकी मान्य करूनही मी हा आक्षेप उलटा वळवेन. सदोष कापडाची किंमत शेवटी कोण देतो? ताण्याच्या दोन तारा जिथे गायब आहेत तिथून अस्तर विरतं, शाळेचा सदरा खांद्यापाशी फाटतो, चादरीला वर्षाच्या आत ठिगळ लागतं. श्रीमंत घरात ते कापड आलंच तर पुसायच्या फडक्यात जातं. एका सदऱ्यावर वर्ष काढणाऱ्या घरात ते अंगावरच राहतं. दोषाचा कर सर्वांत जास्त भरणारा माणूस हाच आहे. शिवाय साधं कापड म्हणजे हलकं कापड, ही समजूत आपल्या मातीतली मुळातच नाही. दोन हजार वर्षांपूर्वीच्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात तगर, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातलं तेर, इथून भडोचच्या बंदराला गाड्या भरून माल जात असल्याची नोंद आहे. त्यात साधं कापड पुष्कळ आहे आणि सोबत तऱ्हेतऱ्हेची मलमलही आहे. भिवंडीच्या शेजारचं कल्याणही त्याच ग्रंथात येतं. त्याच बाजारपेठेतून, त्याच वाटेने जाडं आणि तलम दोन्ही परदेशी रवाना होत होतं, आणि साध्या कापडालाही समुद्रापार मागणी होती.

तिसरं म्हणणं यंत्रतज्ज्ञांचं. जुने साधे माग भंगारात घाला, रेपियर नि एअरजेट बसवा, दोष आपसूक कमी होतील. हे खरं आहे, पण अपुरं आहे. धोट्याविना चालणारे माग तार तुटताच थांबतात, आणि कितीतरी वेगाने विणतात. १ एप्रिल १९९९ पासून तंत्रज्ञान सुधारणेसाठी केंद्राची अनुदान योजना सुरू झाली, तिचे अवतार बदलत गेले. ज्यांच्याकडे जागा, तारण आणि बँकेत पत होती त्यांनी तिचा लाभ घेतला. सहा-आठ साध्या मागांचा धनी, ज्याचा कारखाना भाड्याच्या पत्र्याखाली आहे, त्याला लाखालाखांचा एकेक माग कुठून परवडणार? त्याच्यासाठी खरी कामाची गोष्ट वेगळी होती आणि तिची सुरुवातही भिवंडीतूनच झाली. १ एप्रिल २०१७ ला ‘पॉवरटेक्स इंडिया’ योजनेचा प्रारंभ इथे झाला. आहे त्याच मागाला तार तुटल्यावर थांबवणारी जोडणी, चांगला ब्रेक असे भाग बसवायला मदत देणं हा तिचा एक भाग होता. मागाशेजारचं गणित आठवलं तर या छोट्याशा जोडणीचं मोल कळेल: मिनिटाला १.७ इंच वाढणारी फट तिथल्या तिथे थांबते. परंतु मजुरी मीटरवरच राहिली तर मालक पहिला विचार काय करेल? माग आता स्वतःच थांबतो, मग सहाऐवजी आठ माग एकाकडे देऊ. जोडणीने वाचवलेलं लक्ष जास्तीच्या दोन मागांवर खर्ची पडेल आणि कापड होतं तिथेच राहील. यंत्र सुधारलं आणि मोबदल्याची रीत तीच ठेवली, तर सुधारणेचा नफा लांबीत जातो.

शेवटचा आक्षेप बाजाराचा, आणि मला सर्वांत गंभीर तोच वाटतो. जास्त भाव देणार कोण? सूरतचं कृत्रिम धाग्याचं कापड स्वस्त, व्यापाऱ्याचा नफा पैशांत मोजायचा, सुताचे भाव आठवड्यात वरखाली; अशा धंद्यात निर्दोष मीटरला दोन पैसे जास्त द्या म्हणणं सोपं आहे. सगळ्या बाजाराने एका रात्रीत बदलावं, असं मी म्हणतही नाही. पण दोषाची कपात आजही होते, म्हणजे दोष मोजण्याची यंत्रणा व्यापाऱ्याकडे आहेच. फक्त ती एकाच बाजूला चालते आणि तिचा निकाल मागवाल्याला डोळ्यांनी पाहता येत नाही. रंगाईला गेलेल्या मालात खोट निघाली असं कळवलं जातं आणि रक्कम वळती होते. तपासणी भिवंडीतच, माल ट्रकवर चढण्याआधी, दोन्ही बाजूंच्या समोर व्हावी. प्रत्येक गल्लीला नव्हे, पण प्रत्येक वस्तीला एक तपासणीचं टेबल, खालून दिवा असलेलं, आणि ते चालवणारं तटस्थ माणूस, एवढं यंत्रमाग सेवा केंद्राच्या आणि मालकांच्या संघटनांच्या आवाक्याबाहेरचं नाही. शंभर चौरस गजांत किती गुण पडले हे त्या ताग्याच्या चिठ्ठीवर लिहिलं गेलं की सूत कुणाचं, सायझिंग कुणाचं, माग कुणाचा, हेही त्याच चिठ्ठीवर येऊ शकतं, आणि एकमेकांकडे बोटं दाखवण्याचा खेळ आटोक्यात येतो.

मागणीची पहिली ढकल सरकारच देऊ शकतं, कारण शाळांचे गणवेश, रुग्णालयांच्या चादरी, वसतिगृहांची पांघरुणं यांसाठी कापड घेणारं सर्वांत मोठं गिऱ्हाईक तेच आहे. निविदेत सुताचा नंबर, इंचातले धागे, चौरस मीटरचं वजन हे सगळं मागता येतं. त्याच कागदावर दोषगुणांची मर्यादा घालायला आणि त्या मर्यादेच्या बरंच आत बसणाऱ्या मालाला ठरलेली टक्केवारी जास्त द्यायला नवा कायदा लागत नाही. अट एकच हवी: त्या जास्तीच्या रकमेचा ठरलेला वाटा विणणाऱ्याच्या मजुरीत दाखवला गेला पाहिजे, आणि तो दाखवल्याशिवाय पुरवठादाराचं पुढचं बिल मंजूर होता कामा नये. कारागिराच्या आठवड्याच्या हिशेबात आज मीटरचा एक रकाना आहे आणि कपातीचा एक. तिसरा रकाना कुठल्या खात्याने, कुठल्या निविदेपासून सुरू करायचा, हे मंत्रालयातल्या वस्त्रोद्योग आणि शालेय शिक्षण या दोन विभागांनी मिळून येत्या वर्षाच्या गणवेशखरेदीआधी ठरवावं.